परक्या विस्तवाला हात

रेनातोच्या बायकोचा, मिर्ताचा फोन आला तेव्हा ओस्वाल्दो दाढी करत होता, आणि त्याचा अर्धा गाल तसाच राहून गेला.

"रेनातो म्हणतोय, रविवारी सगळे या असादोला, विस्तवावर मांस भाजतोय," त्याच्या बायकोने, नेलिदाने फोन ठेवून सांगितलं. "ओस्वाल्दोला यायचं असेल तर."

"यायचं असेल तर म्हणजे?"

"म्हणजे यायचं असेल तर."

"हे तो म्हणाला की मिर्ताने पदरचं घातलं?"

"ओस्वाल्दो, गाल पूस."

गाल पुसला, पण 'यायचं असेल तर' काही पुसलं जाईना. रात्री जेवताना त्याने ते चार तऱ्हेने म्हणून पाहिलं. एका तऱ्हेत रेनातो हात जोडत होता, दुसरीत दार आपटत होता. सासूबाई दोन्या एल्बा शेवटी म्हणाल्या, "सूप गार होतंय जावईबापू. ते आधी संपवा, मग वेडे व्हा."

आता दीड वर्ष दोन जिवलग मित्र एकमेकांशी बोलत नव्हते ते कशावरून, हे सांगायला हवं. पैसा नाही, बाई नाही, राजकारण तर नाहीच नाही; राजकारणावरून ते शाळेपासून भांडत आले होते आणि त्याने त्यांची भूक वाढायची. झालं होतं ते असं. नेलिदाचा वाढदिवस होता, ओस्वाल्दोच्या गच्चीवर माणसं जमली होती, जाळीवर फासळ्या चढल्या होत्या. पाव आणायचे राहिले म्हणून ओस्वाल्दो खाली गेला. परत येऊन बघतो तर फासळ्या उलटलेल्या, आणि चिमटा रेनातोच्या हातात.

ज्याला यात काही विशेष वाटत नाही त्याने आमच्या रोसारिओ शहरातल्या कुठल्याही गल्लीत जाऊन विचारावं. माणसाचा दाताचा ब्रश वापरला तर तो कदाचित हसेल, त्याची गाडी न विचारता नेली तर शिव्या देऊन मोकळा होईल. पण त्याने पेटवलेल्या विस्तवाला, त्याने मांडलेल्या मांसाला, तो जिवंत असताना दुसऱ्याने हात लावायचा? ओस्वाल्दो सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "आपापल्या घरी काय हवं ते उलटं करावं माणसाने." रेनातोने चिमटा खाली ठेवला, टोपी घातली आणि तो जिना उतरून गेला. पुढे नोकरीतून निवृत्त होऊन तो मिर्तासकट गावाबाहेर शेतावर राहायला गेला, तेही ओस्वाल्दोला दुसऱ्यांकडून कळलं.

वाईट इतकंच की दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. दीड वर्षात ओस्वाल्दोने दुसरे मित्र करून पाहिले. ऑफिसातला एक जण मॅचच्या मधेच आपल्या गुडघ्याबद्दल बोलायचा. दुसरा सारखा 'मजा येतेय ना?' विचारायचा. रविवारी दुपारी गच्चीवर एकटा बसून ओस्वाल्दो स्वतःच्या विस्तवाकडे बघायचा आणि त्याला ते मांस गोड लागायचं नाही. हे तो कुणाला सांगायचा नाही. नेलिदाला न सांगताच कळत होतं, म्हणून तर बायकाबायकांनी फोनवर हा घाट घातला होता.

"एक ऐकून ठेव," शनिवारी रात्री नेलिदाने बजावलं. "मांसाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. कच्चं असलं तर कच्चं गिळायचं. करपलं असलं तर दोनदा मागून घ्यायचं. हे या वेळी फिसकटलं ना, तर मी पुन्हा फोन करणार नाही. मिर्तासुद्धा करणार नाही."

"मी कशाला बोलू?"

"तू बोलत नाहीस रे. तू नाकाने श्वास सोडतोस. सगळ्यांना ऐकू जातं ते."

पुढचा प्रश्न, न्यायचं काय? रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही. मांस न्यावं तर त्याचा अर्थ, तुझ्यावर भरवसा नाही. वाईन स्वस्त नेली तर अपमान, महाग नेली तर हा माफी विकत घ्यायला आला. ओस्वाल्दो चुकून 'पाव' म्हणाला आणि घरातले सगळे त्याच्याकडे बघायला लागले, कारण मागचं महाभारत पावावरूनच घडलं होतं.

तळमजल्यावरचे डॉन फेर्मिन रोज जिन्यातच उभे असत, त्यांना न विचारता सल्ला द्यायला तीच जागा सोयीची पडे. ते म्हणाले, "मीठ न्या. मीठ म्हणजे मैत्री."

"मी खारट करतो असं तो नेहमी म्हणायचा."

"मग चाकू न्या, चांगला मुठीचा."

"डॉन फेर्मिन, मी समेट करायला चाललोय."

"तेच म्हणतो. समेट नाही झाला तर?" आणि डॉन फेर्मिन स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

शेवटी केक ठरला. मोठा, सायीचा, वर पीचच्या फोडी, दोऱ्याने बांधलेलं पांढरं खोकं. केकचा कुणी वाईट अर्थ काढू शकत नाही. इकडे जानेवारीत भर उन्हाळा, त्या उन्हाचा मात्र कुणी विचार केला नाही.

पोहोचायचं कधी हाही सोपा प्रश्न नव्हता. विस्तव पेटवण्याआधी पोहोचावं तर वाटायचं, हा देखरेखीला आला. मांस उतरल्यावर पोहोचावं तर नुसता गिळायला आला. निखारे तयार झालेत आणि मांस अजून चढायचंय, नेमकी ती वेळ साधायची असं ओस्वाल्दोने ठरवलं. त्यासाठी त्याने सगळ्यांना इतक्या लवकर उठवलं की सोळा वर्षांची त्याची मुलगी लुसिला गाडीत बसल्याबसल्या पुन्हा झोपली. दोन्या एल्बा मागच्या सीटवर खोकं मांडीवर घेऊन बसल्या, तान्हं मूल दवाखान्यात नेताना बसतात तशा.

शहर सुटलं, हमरस्ता लागला आणि पोलीस चौकीवरच्या शिपायाने हात वर केला. कागद दाखवले, दिवे दाखवले, पट्टे दाखवले.

"आग विझवायचं नळकांडं?"

ते डिकीत, सगळ्याच्या तळाशी. खुर्च्या काढल्या, सतरंजी काढली, लुसिलाचा चेंडू काढला, तो रस्त्यावर पळाला, त्याच्यामागे ओस्वाल्दो पळाला. नळकांडं सापडलं. त्यावरची मुदत गेल्याच महिन्यात संपली होती.

"मुदत संपलीय, साहेब."

"आजच नवीन घेतो."

"आज रविवार, साहेब."

ओस्वाल्दोच्या तोंडचं पाणी पळालं. तिकडे निखारे तयार होत असणार. तेवढ्यात दोन्या एल्बांनी काच खाली केली. "हे बघ बाळा, याला अडवू नकोस. आज याचं कसं होणार याची आम्हालाच काळजी आहे," असं म्हणून त्यांनी शिपायाला गच्ची, पाव, फासळ्या आणि जिना, सगळं साग्रसंगीत सांगितलं. ओस्वाल्दो चेंडू काखेत धरून ऐकत उभा राहिला. चारचौघांत स्वतःची अब्रू सासूच्या तोंडून ऐकणं काही सोपं नसतं.

शिपायाने टोपी काढली. "परक्या विस्तवाला हात? आणि तुम्ही त्याच्याच घरी जेवायला चाललात?" त्याने जोडीदाराला हाक मारली. जोडीदाराचं मत उलटं पडलं. त्याच्या मते फासळ्या करपत असतील तर मित्राने उलटायलाच हव्यात, नाहीतर तो मित्र कसला? दोघांची चांगलीच जुंपली. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले, तेव्हा पहिल्याने घाईघाईने हात हलवला. "जा साहेब, जा. पण माझं ऐका, खिशातून हात काढू नका."

खोक्याच्या एका कोपऱ्यातून तोवर साय ठिबकायला लागली होती. दोन्या एल्बा ती बोटाने टिपून चाटत होत्या. वाया कशाला घालवायची?

शेताच्या फाटकापाशी मिर्ता धावत आली, सगळ्यांच्या गालाला गाल लावले, खोकं हातात घेतलं आणि ते वाकडं धरल्यावर आत काहीतरी घसरलेलं तिला कळलं, पण ती भली बाई काही बोलली नाही. मागून रेनातो आला. वाळला होता, रापला होता, डोक्यावर गवताची टोपी. ओस्वाल्दोने गाल पुढे केला. रेनातोने हात पुढे केला.

हात! बँकेच्या मॅनेजरला देतात तसा. लहानपणापासून दोघं भेटले की गालाला गाल लागायचा, रेनातोच्या बापाच्या अंत्ययात्रेतसुद्धा लागला होता. ओस्वाल्दोने पुढे केलेला गाल मागे घेतला आणि हात हातात दिला. दोघांचेही हात घामेजलेले होते.

"आलात," रेनातो म्हणाला.

"आलो," ओस्वाल्दो म्हणाला.

नेलिदाने आभाळाकडे पाहिलं.

वेळ मात्र अचूक साधली होती. झाडाखाली विटांच्या चौथऱ्यावर जाळी, शेजारी लाकडं जळून लालबुंद निखारे पडलेले, आणि फासळ्यांचा भलामोठा पट्टा रेनातो आत्ता चढवत होता. बायका दहा पावलांवर टेबल मांडायला लागल्या. पुरुषांनी विस्तवापाशी उभं राहायचं असतं, म्हणून ओस्वाल्दो ग्लास घेऊन तिथे उभा राहिला. मोकळा हात त्याने खिशात घातला.

"ऊन आहे," ओस्वाल्दो म्हणाला.

"आहे."

"मका छान आलाय."

"सोयाबीन आहे तो."

मग दोघंही निखाऱ्यांकडे बघत राहिले. पूर्वी ते असेच गप्प बसायचे तेव्हा किती बरं वाटायचं, आणि आता ही शांतता अंगावर येत होती. ओस्वाल्दोला रडू येईल की काय अशी भीती वाटायला लागली. सांगून टाकावं, की बाबा रे, तुझ्यावाचून करमत नाही. पण पन्नाशी उलटलेला माणूस सोयाबीनकडे बघत असं कसं सांगणार?

तेवढ्यात रेनातोने फावडं घेतलं आणि फासळ्यांखाली आणखी निखारे ओढले. मग आणखी. एवढ्या आचेवर फासळ्या? हा विसरला की काय? टेबलापाशी नेलिदाचे कान टवकारलेले त्याला दिसले. त्याने श्वास नाकाऐवजी तोंडाने सोडला.

रेनातोने चिमटा खिळ्याला लटकवला, ओस्वाल्दोच्या अगदी कोपराजवळ. "कोंबड्यांना पाणी घालायचं राहिलंय. आलोच मी," असं म्हणून तो गोठ्याशेजारच्या खुराड्याकडे गेला.

तो गेला तो गेलाच.

थोड्या वेळाने चरबी टपटपायला लागली आणि निखाऱ्यांतून ज्वाळा उठली. ओस्वाल्दोने खुराड्याकडे पाहून खाकरून पाहिलं. मग साधी हाक मारली. मग ओरडला, "रेनातो! अरे रेनातो!" कोंबड्या कलकलल्या, माणसाचा आवाज आला नाही. जाऊन बोलवावं तर पेटता विस्तव सोडून जायचा, म्हणजे आणखी मोठा गुन्हा.

"बाबा, धूर येतोय," लुसिला म्हणाली.

"विस्तव आहे, धूर येणारच."

"काळा येतोय पण."

दोन्या एल्बा काठी टेकत आल्या. त्यांनी वाकून वास घेतला. "उलट मेल्या! खालची बाजू गेली."

"मी नाही उलटणार."

"अरे, जेवण जळतंय!"

"जळू दे. माझा विस्तव नाही."

नेलिदा धावत आली. तिने आधी त्याचा खिशातला हात मनगटाशी धरला. "खबरदार हात लावलास तर!" मग तिने जाळीकडे नीट पाहिलं. "अगं बाई. लाव, लाव!"

"तूच म्हणालीस ना?"

"बोलायचं नाही म्हणाले मी. हात लावण्याबद्दल... देवा, मला काही सुचत नाही."

"मिर्ता," ओस्वाल्दो काकुळतीला आला, "तू उलट. तू घरची आहेस."

"मी? त्याच्या विस्तवाला?" मिर्ताने दोन्ही हात मागे घेतले. "सव्वीस वर्षं संसार टिकवलाय मी." ती चोरून एकदा खुराड्याकडे बघत होती, एकदा ओस्वाल्दोकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते धुरात कुणाला नीट दिसलं नाही. लुसिला खुराड्याकडे निघाली तशी मिर्ताने तिला दंडाला धरून परत आणलं. "तू आपली काकड्या चिर हो, पोरी."

आणि मग ओस्वाल्दोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा रेनातो मुद्दाम गेलाय! ढीगभर निखारे मुद्दाम, कोपराशी चिमटा मुद्दाम. परीक्षा चाललीय. गच्चीवर जे तो करून बसला, ते मी करतो की नाही हे बघायचंय त्याला. केलं की संपलं, मग मी कुठल्या तोंडाने काही बोलणार? नाही केलं तर त्याला कळेल की ओस्वाल्दोला मित्राच्या विस्तवाची किंमत कळते. बस्स. आता मांसाचा कोळसा झाला तरी बेहत्तर.

त्याने ग्लास खाली ठेवला, दोन्ही हात खिशात खोल घातले आणि तो ताठ उभा राहिला. अंगाला घाम सुटला होता. आतला जुना भाजणारा माणूस किंचाळत होता. एकदा त्याचा उजवा हात आपणहून बाहेर आला, चिमट्यापर्यंत गेला, चिमटा खिळ्यावरून उतरला. बायकांनी श्वास रोखले. ओस्वाल्दोने चिमटा पाहिला, फासळ्या पाहिल्या, आणि चिमटा परत लटकवून हात खिशात कोंबला. खुराड्याच्या बाजूने कण्हल्यासारखा काहीतरी आवाज आला. कोंबडी असेल असं सगळ्यांना वाटलं.

ज्वाळा जाळीच्या वर आली. फासळ्यांच्या कडा पेटल्या. धुराने ओस्वाल्दोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो तसाच उभा होता, झेंडावंदनाला उभं राहतात तसा.

"उलट ना रे गाढवा!"

खुराड्याचं दार धाडकन उघडलं, कोंबड्या चारी दिशांना उधळल्या आणि त्यांच्यामधून रेनातो पळत आला. टोपी नव्हती, केसांत भुसा, खांद्यावर पीस. "उलट! उलट! किती वाट बघायची माणसाने? फळीच्या फटीतून बघतोय मी! चिमटा हातात घेतलास, आणि परत ठेवलास? अरे, तुला डोळे आहेत की बटणं?"

"विस्तव तुझा आहे!" ओस्वाल्दोही ओरडला. "तुझ्या विस्तवाला मी हात लावीन? मी?"

"अरे, म्हणून तर गेलो होतो मी!"

दोघं धापा टाकत एकमेकांसमोर उभे राहिले. मधे फासळ्या जळत होत्या.

"म्हणून म्हणजे?" ओस्वाल्दोने विचारलं.

रेनातोने खांद्यावरचं पीस काढलं आणि ते उगाच बोटांत फिरवत राहिला. "मी तुझं उलटलं. तू माझं उलटलं असतंस. फिट्टंफाट झाली असती. सगळ्यांसमोर. मी बाहेर आलो असतो आणि काही बोललो नसतो."

"आणि हे मला सांगता येत नव्हतं?"

"सांगता आलं असतं तर दीड वर्ष लागलं असतं का, शहाण्या?"

ओस्वाल्दोला बोलायचं होतं. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणखी मळवला आणि परत घातला. "मला वाटलं, तू परीक्षा घेतोयस," तो कसाबसा म्हणाला. "मला वाटलं, मी हात लावला तर तू मला परत कधी बोलवणार नाहीस."

रेनातोने खिळ्यावरचा चिमटा काढला आणि त्याच्यासमोर धरला. "घे. आता तरी."

ओस्वाल्दोने चिमटा घेतला. परक्या माणसाचा विस्तव, परक्या माणसाची जाळी, आणि समोर खुद्द मालक. त्याने फासळ्यांचा पट्टा दोन्ही कडांनी उचलला आणि उलटला.

खालची बाजू डांबरासारखी होती. वरची, जी आता खाली गेली, ती सकाळी खाटकाने दिली तशीच्या तशी.

"छान," दोन्या एल्बा म्हणाल्या. "आता हे कुत्र्याला घाला आणि माणसांना काय घालायचं ते बोला."

माणसांना अंडी मिळाली. कोंबड्यांनी घाबरून की कशाने कोण जाणे, पण अंडी भरपूर दिली होती. मिर्ताने मोठ्या तव्यात ती तळली, लुसिलाच्या काकड्या आल्या, आणि खोकं उघडल्यावर केक म्हणून जे निघालं ते सगळ्यांनी चमच्याने खाल्लं. रेनातोने ओस्वाल्दोच्या शेजारची खुर्ची ओढली होती. बसण्यापूर्वी त्याने वाकून गालाला गाल लावला होता, घाईत, चोरट्यासारखा. त्यांची दाढी एकमेकांना टोचली. ओस्वाल्दोला त्यानंतर बराच वेळ घास गिळता आला नाही, आणि त्याने अंडं तिखट झाल्याचं कारण सांगितलं.

जेवण उरकल्यावर दोन्या एल्बांनी काठी टेबलावर आपटली. "असादो झाला की भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजतात. वाजवल्याशिवाय मी उठत नाही. पण कुणासाठी ते ठरवा. हे जाळलं कुणी?"

"मी," रेनातो म्हणाला. "विस्तव माझा."

"पण उभा कोण होता?" ओस्वाल्दो म्हणाला. "जाळलं मी."

"तू नुसता उभा होतास. उभं राहून मांस जळत नाही. निखारे कुणी ओढले?"

"ओढलेस ना? आणि सांगतो तुला, तेही चुकीचेच ओढलेस! फासळ्यांखाली एवढी आच घालतात?"

"मुद्दाम घातली होती!"

"मुद्दाम नसती तरी एवढीच घातली असतीस! शाळेपासून तू असाच, आधी भसाभसा पेटवायचं..."

"आणि तू? तू तर मीठ पोत्याने ओततोस!"

दोघं उठून उभे राहिले. आवाज चढले. रेनातो टेबलावर मूठ आपटत होता, ओस्वाल्दोचं बोट त्याच्या नाकापर्यंत पोहोचलं होतं. नेलिदाचा चेहरा पांढरा पडला. तिने टेबलाखाली मिर्ताचा हात घट्ट पकडला. "गेलं गं सगळं. थांबव त्यांना."

"भांडू दे," मिर्ता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "दीड वर्ष हा माणूस कुणाशी भांडलेला नाही."

नेलिदाने पुन्हा एकदा दोघांकडे नीट पाहिलं. मग तिने मिर्ताचा हात सोडला आणि तव्यातलं शेवटचं अंडं आपल्या ताटात घेतलं.